जेठानंदची दुसरी टर्म

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, मुलांजवळ नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. म्हणजे सांगायला गेलोच नाही असं नाही — गेलो की! कितीदा त्याच्या दुकानाची पायरी चढलो, त्यानं मागवलेला चहा प्यालो, आणि बटणं घेऊन परत आलो. त्याचं बटणांचं दुकान होतं. घरात इतकी बटणं साठली की बायको म्हणाली, अहो, आता एखादा शर्ट तरी शिवून घ्या.

हसा खुशाल. ही गोष्ट हसण्याची आहे की कशाची, ते मला या वयातही नीट कळलेलं नाही. आणि एक आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढं तुम्ही म्हणाल की म्हाताऱ्यानं लपवलं. मी जे बोललो ते खोटं नव्हतं. शब्दन् शब्द खरा होता. सगळा घोळ तिथंच आहे.

कुठून सुरुवात करू? कराचीपासूनच करायला हवी.

आमचं मूळ गाव चिंचवड, पण माझा जन्म कराचीचा. मराठी माणूस कराचीत कसा, असं लोक विचारतात. अहो, पुष्कळ होते! वडील बंदरावर कारकून होते. आमचा गणपती बसायचा, मराठी शाळा होती, मंडळाची नाटकं व्हायची. मी कॉलेजात गेलो तो तिथल्याच, आणि पहिल्याच दिवशी माझ्या शेजारी येऊन बसला तो जेठानंद. सिंधी. उंच, किडकिडीत, कानाच्या पाळ्या लांब. मराठी तो माझ्याकडून शिकला, त्यामुळे शिव्या आधी शिकला आणि व्याकरण नंतर — नंतर म्हणजे शेवटपर्यंत नाहीच. 'माझा आई' म्हणायचा. माझी आई त्याला जेवायला वाढताना म्हणायची, बस रे, माझी जेठा.

ते दिवस कसले होते, आठवून बघा. देश मोकळा होणार हे दिसत होतं. मग तो चालवायचा कुणी? नळाला पाणी कुणी सोडायचं, धान्य कुठं किती पाठवायचं, रस्ता कुणाच्या दारावरून न्यायचा — हे सगळं ठरतं कसं, ठरवतं कोण? जेठानंदला याचं वेड होतं. समुद्राच्या भिंतीवर बसून तो तासन् तास बोलायचा. राज्यकारभार शिकवणारी पदवी असते म्हणे, ती आपण दोघांनी घ्यायची. मी हो म्हणायचो. मला मुळात काय हवं होतं ते मला ठाऊक नव्हतं. गणित जमत नव्हतं एवढं ठाऊक होतं.

आणि आता ती टर्म. दुसऱ्या वर्षाची दुसरी टर्म.

त्या टर्मला मी वर्गात गेलोच नाही. असं काही ठरवलं नव्हतं हो. मंडळाच्या नाटकात मला काम मिळालं, बाईचं काम. दुपारच्या तालमी. मग नाटक झालं, तालमी संपल्या, पण न जाण्याची सवय राहिली. बंदरावर भटकायचं, इराण्याकडे बसायचं. आता तुम्ही विचाराल, हजेरीचं काय? हजेरी नाही तर टर्म मंजूर नाही, आणि टर्म मंजूर नाही तर वर्ष पाण्यात. पण माझी हजेरी पूर्ण लागली. एकही खाडा नाही!

कारण जेठानंद. आमचे हजेरी घेणारे सर नंबर पुकारायचे, मान वर करायचे नाहीत. जेठानंद आधी स्वतःच्या नंबरला ठणठणीत 'प्रेझेंट सर' म्हणायचा. मग माझा नंबर आला की तोंडावर रुमाल धरून माझ्या घोगऱ्या आवाजात 'प्रेझेंट सर'. संध्याकाळी घरी येऊन आईला तो माझा आवाज करून दाखवायचा आणि आई पदर तोंडाला लावून हसायची. मजाच वाटायची सगळ्यांना. पण एक बघा, माझा खाडा पडू नये म्हणून त्याला स्वतःला एकही खाडा करता येत नव्हता. ताप असला तरी जायचा. हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही.

पुढं काय झालं ते जगाला माहीत आहे. वडील कारकून, म्हणून धूर्त. सामान बांधायला काढलं तेव्हा म्हणाले, कागद आधी, भांडी मग. मला घेऊन कॉलेजात गेले आणि दाखला काढून आणला. दोन्ही टर्म पूर्ण, हजेरी पूर्ण. परीक्षा काही झाली नाही, होणारच नव्हती. आम्ही बोटीनं लवकर निघालो. जेठानंदच्या वडिलांना वाटत होतं की थोड्या दिवसांत सगळं निवळेल. ते थांबले. आणि मग निघाले ते नेसत्या वस्त्रानिशी. कसला दाखला आणि कसलं काय!

चिंचवडला काकांनी गोठ्याशेजारच्या दोन खोल्या दिल्या. वर्षा-दोन वर्षांत वडील गेले. मी रेशनिंगच्या कचेरीत हंगामी चिकटलो. मग पन्नास साल उलटून गेलं आणि रेशनिंगच उठणार असं वारं सुटलं. तिकडे पिंपरीला माळावर औषधाचा कारखाना उभा राहायला लागला होता. काका रोज म्हणायचे, जा की तिथं, थेरगावची पोरं लागली, काळेवाडीची लागली, तुला काय धाड भरलीय? मला धाड काहीच भरली नव्हती. मला काय करावं तेच कळत नव्हतं.

अशात एक दिवस पिंपरी स्टेशनवर गाडी थांबली, आणि डब्यात एक उंच माणूस चढला. गळ्यात पेटी अडकवलेली, पेटीत बटणं, कंगवे, नाडे, सुया. 'बटन लो, बटन!' माझ्यासमोर आला, थांबला, आणि ओरडला, "दत्तू! अरे साल्या!" असं काही कडकडून मिठीत घेतलं मला, की पेटी कलंडली आणि बटणं डब्याभर घरंगळली. लोकांच्या पायाखाली आम्ही दोघं रांगत होतो, बटणं वेचत होतो, आणि रडत होतो. खरंच रडत होतो, राव. समोरच्या म्हाताऱ्याला वाटलं आमचं काहीतरी मौल्यवान हरवलंय. तोही बिचारा खाली वाकून शोधायला लागला.

पिंपरीच्या निर्वासितांच्या छावणीत राहत होता तो. बराकीत गोणपाटाचे पडदे लावून एकेका खोलीत चार-चार कुटुंबं. वडिलांची छाती धरलेली, दोन बहिणी, पेटी ओढायला हा एकटा. पण वेड गेलं नव्हतं! छावणीत पाण्याच्या तोट्या कमी म्हणून रोज भांडणं व्हायची, तर यानं बराकींच्या पाळ्या बांधून दिल्या, भांडणं थांबली. अर्ज लिहून द्यायचा, कचेरीत जाऊन उभा राहायचा. छावणीतल्या बायका त्याला वकीलसाहेब म्हणायच्या. आणि मला भेटल्यावर आठवड्याच्या आत बातमी घेऊन आला, पुण्यातल्या एका कॉलेजात पदवीला लोकप्रशासन हा विषय निघालाय. बाहेरून आलेले विद्यार्थी घेतात. कराचीच्या टर्म इथं धरतात. धरल्या तर थेट पुढच्या वर्गात.

"दत्तू, अपना काम हो गया," तो म्हणाला.

घरी मी हे सांगितलं तर काकूनं भाकरी थापायची थांबवली. "लोकांचा कारभार शिकनार? आरं, तुला सोताची चड्डी वाळत घालता येत न्हाई!" काका म्हणाले, "म्हंजी मामलेदार व्हनार व्हय?" मी म्हटलं, तसंच काहीतरी. मामलेदार नाही, पण म्हणजे — कारभार कसा चालतो त्याचा अभ्यास. काका म्हणाले, कारभार कसा चालतो ते चावडीवर बसून बी दिसतं. आई मात्र एवढंच म्हणाली, जेठा बरोबर आहे ना? मग जा.

संध्याकाळी आम्ही पवनेच्या काठी बसून बेत करायचो. पुस्तकं निम्मी त्यानं मिळवायची, निम्मी मी. अर्थशास्त्र त्यानं वाचून मला सांगायचं, राज्यघटना मी वाचून त्याला. तो सकाळच्या गाडीत बटणं विकत पुण्याला येणार, पेटी स्टेशनवर ओळखीच्या हमालाजवळ ठेवणार, कॉलेज करणार, आणि येताना पुन्हा बटणं. "एका पासात दोन धंदे," म्हणायचा. मी खूश होतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझं काहीतरी ठरत होतं, आणि ते मला एकट्याला ठरवायला लागत नव्हतं.

अडलं ते कागदाशी. माझ्याकडे दाखला होता. त्याच्या पहिल्या वर्षाचा निकाल मुंबईला विद्यापीठात खटपट करून मिळाला, कारण कराचीची कॉलेजं तेव्हा मुंबईलाच जोडलेली; दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या टर्मचा एक कागद एका बहिणीच्या ट्रंकेत सापडला. राहिली दुसरी टर्म. तिचं काहीच नव्हतं. आणि ती नाही तर मधे एवढा खंड पडलेला, तेव्हा सगळं पुन्हा पहिल्यापासून. वडील अंथरुणावर असताना त्याला वर्षंच्या वर्षं वाढवून कुठून परवडणार होती? म्हणजे ती टर्म धरली तर पदवी, नाहीतर बटणं. इतकं साधं होतं ते. त्यालाही ठाऊक होतं, मलाही.

कॉलेजचे लोक वाईट नव्हते. निर्वासितांसाठी त्यांनी एक सोय ठेवली होती, कागद नसला तर माणूस आणा. ओळख पटवायला छावणीतला एक वडीलधारा, आणि त्या टर्मला त्याच वर्गात बसलेला एक विद्यार्थी. त्यानं समोर येऊन सांगायचं, हो, हा रोज येत होता. बस्स!

जेठानंद हसून हसून बेजार झाला. "माझा साक्षीदार घरातच!" म्हणाला.

आणि इथून मला काहीतरी खटकायला लागलं. काय ते नीट कळेना. रात्री पडल्या पडल्या वाटायचं, काहीतरी चुकतंय, पण काय? मी साक्ष देणार, तो आत येणार, दोघं शिकणार. यात अडचण कुठं होती? मी स्वतःला विचारायचो आणि झोपी जायचो. खरं सांगतो, ऑफिसच्या दारात उभा राहीपर्यंत मला ते स्वच्छ दिसलंच नव्हतं. की दिसलं होतं आणि मी बघत नव्हतो? कोण जाणे.

त्या दिवशी तो पांढरा शर्ट घालून आला होता. सगळी बटणं एकसारखी, मोत्यासारखी, पेटीतली सगळ्यात चांगली. बरोबर छावणीतले एक म्हातारे मास्तर, काळी टोपी, हातात काठी. तिघं बाकावर बसलो. आधी मला बोलावलं, कारण माझाही प्रवेश त्याच दिवशी पक्का व्हायचा होता.

आत हेडक्लार्क होते आणि एक प्रोफेसर. प्रोफेसर भला माणूस. माझा दाखला त्यांनी हातात धरला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"दुसऱ्या टर्मला एकही दिवस गैरहजर नाही? शाबास! असे विद्यार्थी हल्ली दिसत नाहीत."

मी काय करायला हवं होतं? मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला.

"मग तर तुमचीच साक्ष सगळ्यात चांगली," ते म्हणाले. "तुम्ही रोज वर्गात होता. हे जेठानंद म्हणतात तेही रोज होते. काय शिकवत होते त्या टर्मला? हे कुठं बसायचे? जरा सविस्तर सांगा. आम्हाला वर कळवावं लागतं."

काय शिकवत होते? मला काय माहीत! कुठं बसायचा? पहिल्या टर्मला माझ्या शेजारी बसायचा, पण दुसरीला? मी नव्हतो, मग शेजारी कसला? मी एक सांगणार, मग जेठानंद आत येऊन दुसरंच सांगणार, मग हे मला पुन्हा विचारणार. माझा दाखला टेबलावरच पडला होता. त्यावर हेडक्लार्कची बोटं होती. ती बोटं नुसती वाजत होती, त्यांना सवय असेल. मला वाटलं, यांना कळलंय.

आणि मग माझ्या तोंडून वाक्य आलं. मी ते जुळवलं नव्हतं. आलं.

"दुसऱ्या टर्मला मी त्यांना वर्गात पाहिल्याचं आठवत नाही, सर."

बघा ना! खरंच होतं की नाही? मी त्याला पाहिलं नव्हतं. कसं पाहणार? अक्षर खोटं नाही त्यात. असं वाक्य मला आयुष्यात पुन्हा सुचलं नाही.

प्रोफेसरांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "नक्की?" मी म्हटलं, "पहिल्या टर्मला होते." म्हणजे वर दानशूरपणा दाखवला! ते म्हणाले, "मित्र असून खरं सांगितलंत. अवघड असतं ते." आणि माझ्या दाखल्यावर सही केली.

त्या क्षणी मला काय वाटलं सांगू? शरम नाही वाटली. जीव भांड्यात पडला. हेच मला सगळ्यात घाण वाटतं, अजून वाटतं. बाहेर आलो तर जेठानंद उठून उभा राहिला. "झालं?" मी म्हटलं, "झालं." त्यानं माझ्या पाठीत गुद्दा घातला आणि मास्तरांना हात देऊन आत गेला.

आत फार वेळ लागला नाही. बाहेर आला तेव्हा चेहरा कोरा होता. म्हणाला, पुरावा कमी पडला असं म्हणतात. मास्तर सिंधीत काहीतरी बडबडत होते, काठी आपटत होते. मी विचारलं — विचारलं मी, हो, माझ्या तोंडानं — "पण का?" तो म्हणाला, "काय माहीत, यार. छावणीवाल्यांचा भरोसा नसेल." मग माझ्याकडे बघून विचारलं, "तुझं झालं ना?" मी मान हलवली. "चल, एक तरी आत गेला," तो म्हणाला, आणि स्टेशनवर त्यानं मला आणि मास्तरांना उसाचा रस पाजला. मी प्यालो.

आत त्याला माझ्याबद्दल सांगितलं होतं का? साक्षीदारानं दुजोरा दिला नाही, असं म्हणाले होते का? मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. विचारणार कसा?

दुसऱ्या दिवशी जाऊन सांगता आलं असतं. आठवड्यानं सांगता आलं असतं. सर, मी चुकलो, मीच वर्गात नव्हतो, तो होता, माझी हजेरी त्यानं लावली. माझा प्रवेश गेला असता. त्याचाही पटला असता की नाही कोण जाणे, दुसऱ्याची खोटी हजेरी लावणारा तोही ठरला असताच. हे मी तेव्हा मनाला सांगितलं, की बोललो तर त्याचंच नाव खराब होईल. बघा कशी काळजी! मी कॉलेजात गेलो आणि लोकप्रशासन शिकायला लागलो.

सकाळच्या गाडीत तो असायचाच, पेटी घेऊन. माझ्या डब्यात यायचा, बाजूला टेकायचा आणि विचारायचा, "काल काय शिकवलं?" मी सांगायचो. पेटी मांडीवर घेऊन तो ऐकायचा, गिऱ्हाईक आलं तरी हातानं थांबवायचा. पंचायती कशा नेमतात, कर कुणी बसवायचा, वरिष्ठानं कनिष्ठाला जाब कसा विचारायचा. खडकी यायची आणि तो म्हणायचा, बाकी उद्या. किती दिवस मी ते सोसलं असेन? फार नाही. मी पुढच्या डब्यात चढायला लागलो. मग त्याच्या आधीची गाडी धरायला लागलो. काकूला वाटायचं, पोरगं अभ्यासाला लागलं, पहाटे उठतंय.

त्यानं एकदाही विचारलं नाही की दिसत का नाहीस.

पदवी झाली. मार्क चांगले पडले. सरकारी नोकरी लागली, आणि नोकरीत माझं काम काय असावं? दाखले. हा अमक्याचा मुलगा आहे का, ही तमक्याची विधवा आहे का, साक्षीदार हजर करा. म्हातारी माणसं टेबलासमोर उभी राहायची आणि मी विचारायचो, तुम्ही स्वतः पाहिलंत का? नोकरीभर विचारलं मी हे. रोज विचारलं.

जेठानंदनं पिंपरीत दुकान टाकलं. पेटीची टपरी झाली, टपरीचं दुकान, मग दोन मजले. माझ्यापेक्षा चांगलं चाललं त्याचं. बहिणींची लग्नं केली, पोरं शिकवली. मी मनात म्हणायचो, बघ, काय नुकसान झालं त्याचं? पदवी घेऊन माझ्यासारखा खुर्चीत कुजला असता. झालं ते बरंच झालं की! आणि मग त्याच्या दुकानात जायचो, तर गल्ल्यामागच्या फळीवर बटणांच्या डब्यांच्या शेजारी राज्यघटनेचं पुस्तक. कव्हर घातलेलं. निम्मी पुस्तकं त्यानं आणायची ठरली होती ना, त्यातलं. मग मी पुन्हा बटणं घ्यायचो.

एक गोष्ट तो दर वेळी करायचा. कुणीही दुकानात आलं की माझी ओळख करून द्यायचा. "हा माझा दोस्त दत्तू. कराचीत एका वर्गात होतो. एक दिवस गैरहजर नाही पठ्ठ्या!" आणि माझ्याकडे बघून डोळा मारायचा. ती जुनी गंमत होती का? नुसती गंमत? की त्याला सगळं माहीत होतं आणि तो मला दर वेळी एक संधी देत होता? की टोचत होता? मी त्या डोळ्यात किती शोधलं. काही सापडलं नाही. मग मी हसायचो.

गेला तो, गेल्या थंडीत. झोपेतच गेला. तेराव्याला मी त्याच्या घरी गेलो. हॉल माणसांनी भरलेला, फोटोला हार घातलेला. त्याचा मोठा मुलगा माझ्याजवळ येऊन बसला. पोरगा इथलाच, चिंचवडच्या शाळेत शिकलेला, मराठी माझ्यापेक्षा चांगलं. म्हणाला, "काका, एक विचारू? बाबा नेहमी सांगायचे की ते कराचीत कॉलेजला होते. आम्हाला वाटायचं, थापा मारतात. कागद तर एक नाही घरात. आम्ही त्यांना चिडवायचो पण. आज सकाळपासून तेच मनात येतंय. तुम्ही बरोबर होता ना? ते खरंच जायचे का वर्गात?"

आजूबाजूचे सगळे माझ्याकडे बघत होते. किती सोपं होतं! कुठला दाखला नाही, कुणी प्रोफेसर नाही, माझं आता कोण काय काढून घेणार होतं?

मी म्हटलं, "हो तर. जायचा ना."

"तुम्ही बघायचात त्यांना?"

"शेजारीच बसायचो आम्ही," मी म्हटलं. "रोज."

त्या पोराचे डोळे भरून आले. त्यानं माझे दोन्ही हात धरले. बायकांच्या बाजूला कुणीतरी सांगितलं, बघा, दोघं एकदम रोज वर्गात असायचे. एका बाईनं मला सरबत आणून दिलं, आणि मी ते घेतलं.

म्हणजे या वेळी मी त्याच्या बाजूनं बोललो, आणि या वेळी खोटं बोललो. विचारलं होतं ते फक्त त्याच्याविषयी. मी पुन्हा स्वतःला त्या बाकावर नेऊन बसवलं.

म्हणून इथं नीट सांगतो. जे त्या दिवशी ऑफिसात विचारलं होतं, तेवढंच.

दुसऱ्या टर्मला जेठानंद रोज वर्गात होता. मी नव्हतो.